काल मी बाजार होते!

इंग्रजी भाषेला विहीणबाई नाहीत. म्हणजे त्या लोकांत मुलामुलींची लग्ने होतात, पण मुलीच्या सासूला मुलीच्या आईने काय म्हणावे याची त्या भाषेने कधी फिकीर केली नाही. स्पॅनिश भाषेने केली आहे. त्या भाषेत विहिणीला 'कोन्स्वेग्रा' म्हणतात. 'कोन' म्हणजे सह आणि 'स्वेग्रा' म्हणजे सासू. तेव्हा कोन्स्वेग्रा म्हणजे सह-सासू. हा शब्द मला ज्या दिवशी कळला, त्या दिवशी या भाषेशी आपले जमणार, असे मला वाटले. पुढे जे हाल झाले ते क्रियापदांनी केले. त्यात नामांचा काही दोष नाही.

झाले असे की, माझी मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमध्ये सालामांका या गावी गेली आणि तिथलीच झाली. जावई भला माणूस. नात पाच वर्षांची. आमचे हे गेल्याला दोन वर्षे होत आली तेव्हा मुलीने तिकीटच पाठवले आणि यंदाच्या मार्चमध्ये मी तिथे जाऊन पोचले. व्हिसा नव्वद दिवसांचा. पुण्यात आठवड्यातून दोनदा एका वर्गाला जाऊन मी वर्तमानकाळापर्यंत स्पॅनिश शिकून घेतले होते. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलेल्या बाईला वर्तमानकाळ काय अवघड? पण गंमत अशी की, मुलगी आणि जावई दिवसभर कामावर, नात दोनपर्यंत शाळेत. म्हणजे उरले कोण, तर मी आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या विहीणबाई. वय एकोणऐंशी, बारा वर्षांमागे वैधव्य आलेले, आणि स्पॅनिशखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेचा गंध नाही. मराठीचा तर प्रश्नच नको.

पहिले आठ दिवस आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मसूर निवडत असू. सालामांकाजवळच्या आर्मुन्या भागातला मसूर तिकडे नावाजलेला आहे. तो मी निवडी आणि विहीणबाई माझे स्पॅनिश निवडीत. 'मसूर' स्त्रीलिंगी आहे, मी पुल्लिंगी म्हटले की त्यांचे बोट वर होई. मी शिक्षिका होते तेव्हा माझेही बोट असेच वर होत असे, म्हणून मला राग येत नसे. पण पंचाईत अशी की, वर्तमानकाळात बायकांना बोलता येत नाही. दोन बायका समोरासमोर बसल्या की त्यांचे निम्मे बोलणे 'त्या वेळी काय झालं' हे असते आणि निम्मे 'आता पुढे काय होणार' हे असते. वर्तमानात काय आहे? मसूर आहे!

शेवटी मुलीने मला परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी चालणाऱ्या एका वर्गात नेऊन बसवले. वर्गात मोरोक्कोची दोन माणसे, युक्रेनची एक तरुण आई, एक चिनी दुकानदार आणि मी. सर्वांत वडील मीच, मास्तरीणबाईंपेक्षाही.

भविष्यकाळापासून सुरुवात झाली, कारण तो सोपा. मराठीत 'मी करीन', 'तू करशील', 'तो करील' असे प्रत्यय लावावे लागतात, तसेच तिथे. पण सोय अशी की, क्रियापदाचे मूळ रूप जसेच्या तसे ठेवून त्याच्याच पाठीवर प्रत्यय बसवायचा. 'कोमेर' म्हणजे खाणे. 'कोमेरे' म्हणजे मी खाईन. 'बिबिर' म्हणजे जगणे. 'बिबिरे' म्हणजे मी जगेन. हे प्रत्यय आले कुठून, हे समजल्यावर तर मला फारच आनंद झाला. ते मुळात 'असणे-बाळगणे' या अर्थाच्या 'आबेर' या क्रियापदाचे वर्तमानकाळी तुकडे आहेत. 'मला खायचे आहे' असे म्हणता म्हणता 'खाईन' झाले. जुन्या स्पॅनिशमध्ये हे दोन तुकडे वेगळे करून मध्ये सर्वनाम घालता येई. संस्कृतातला 'गन्तास्मि' आठवा. 'गन्ता' अधिक 'अस्मि', जाणारा आहे, म्हणून जाईन. तोच हा प्रकार. आणि ही फोड कोणी सांगून ठेवावी? याच गावी शिकवून गेलेल्या आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने! त्याचे स्पॅनिश व्याकरण १४९२ च्या ऑगस्टमध्ये सालामांकातच छापून निघाले. त्याच महिन्यात कोलंबसाची जहाजे समुद्रात होती. युरोपातल्या एखाद्या चालू बोलीचे असे व्याकरण त्यापूर्वी कोणी छापले नव्हते.

एवढे सगळे सरळ असूनही, भविष्यकाळात बारा क्रियापदे वाकडी निघाली. बाराच, पण ती नेमकी रोजच्या वापरातली. मी त्यांचा हजेरीपट केला, आणि वाचू लागले तो काय, मला आपल्याकडच्या शाळेत बसल्यासारखे वाटू लागले. स्पॅनिशमध्ये 'व्ही' या अक्षराचा उच्चार 'ब' होतो. त्यामुळे 'मी येईन' याला त्या भाषेत म्हणतात — 'बेंद्रे'! 'माझ्याजवळ असेल' याला 'तेंद्रे', 'मी ठेवीन' याला 'पोंद्रे', 'मी बाहेर पडेन' याला 'साल्द्रे' आणि 'मी उपयोगी पडेन' याला 'बाल्द्रे'. बेंद्रे, तेंद्रे, पोंद्रे, साल्द्रे, बाल्द्रे — सगळे एका आळीतले बिऱ्हाडकरूच जणू! दुसऱ्या रांगेत 'पोद्रे', 'साब्रे', 'आब्रे', 'काब्रे' आणि 'केर्रे'. म्हणजे अनुक्रमे मला शक्य होईल, मला माहीत असेल, 'आबेर'चे स्वतःचे रूप, मी मावेन, आणि मला हवे असेल. शेवटच्या बाकावर दोन खोडकर मुले: 'दिरे' म्हणजे मी सांगेन आणि 'आरे' म्हणजे मी करीन. मुंबईकरांनी दूधवाल्या आरेची आठवण काढावी आणि हे रूप जन्मभर विसरू नये.

आता 'तेनेर' या क्रियापदाचे 'तेनेरे' न होता 'तेंद्रे' का झाले, हा 'द' आला कुठून, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अनियमित आहे, पाठ करा." हे उत्तर मी स्वतः एकतीस वर्षे मुलींना दिले आहे! घरी येऊन विचार करता करता एकदम उजेड पडला. मधला स्वर बोलण्यात गळाला आणि 'न' आणि 'र' शेजारी आले. त्या दोघांचे एका दमात उच्चारण करताना जीभ मध्ये आपोआप 'द' म्हणते. आपल्या खेड्यापाड्यांत वानराचे 'वांदर' झाले ते याच रीतीने. वानराला जो न्याय तोच 'तेनेर'ला. दुसऱ्या रांगेतल्या पाचांचा नुसताच स्वर गळाला, आणि शेवटची दोन रोजच्या वापराने झिजून आखूड झाली. झाला बारांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी मी हे वांदर-प्रकरण वर्गात सांगितले. मोरोक्कोच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ते वहीत लिहून घेतले.

भविष्यकाळाचा आणखी एक गुण मला आवडला. नुसता तर्क करायचा असला तरी ते भविष्यकाळ वापरतात. 'तीन वाजले असतील', 'तो आता घरी असेल' असे आपण म्हणतो ना? अगदी तसे. जे ठाऊक नाही ते सारे भविष्याच्या खात्यावर टाकायचे, ही दोन्ही घरची रीत एकच.

भूतकाळाने मात्र माझे गर्वहरण केले.

सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेल्या नक्षीत एका कवटीवर बसलेला लहानसा बेडूक आहे. कोणी न दाखवता ज्या विद्यार्थ्याला तो दिसेल तो परीक्षेत पास होतो, अशी समजूत आहे. भूतकाळाचा धडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी त्या भिंतीखाली मान मोडेपर्यंत उभी राहिले. बेडूक दिसेना. शेवटी नातीने "आजी, तो बघ!" म्हणून बोट दाखवले, आणि माझे पास होणे तिथेच राहिले.

पहिली अडचण अशी की, 'आब्लो' म्हणजे 'मी बोलते' आणि 'आब्लो' म्हणजे 'तो बोलला'. फरक काय, तर पहिल्यात जोर 'आ'वर आणि दुसऱ्यात 'ओ'वर; लिहिताना त्या 'ओ'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ. पण ही झाली नियमित क्रियापदे. अनियमित मंडळी शेवटी जोर देत नाहीत, रेघही घेत नाहीत, आणि पोटातला स्वर मात्र बदलतात. 'तेनेर'चे 'तूबे', 'पोदेर'चे 'पूदे', 'साबेर'चे 'सूपे', 'देथिर'चे 'दीखे'. 'करणे' म्हणजे 'आथेर'. 'मी केले' म्हणजे 'ईथे'! बाई विचारीत, "हा अभ्यास कोणी केला?" मी म्हणे, "ईथे." म्हणजे 'मी केला', आणि माझे मराठी मन म्हणे, इथेच केला, दुसरीकडे कुठे!

'येणे' याचा भूतकाळ 'बीनो', म्हणजे 'तो आला'. पण द्राक्षाच्या मद्यालाही 'बीनो'च म्हणतात. एके दुपारी जेवताना विहीणबाई काही सांगत होत्या, त्यात 'काल', 'बीनो' आणि 'माझा भाऊ' एवढे तीन शब्द मला कळले. मी हळहळून म्हटले, "फार वाईट!" त्या बुचकळ्यात पडल्या. बिचारा भाऊ नुसता भेटायला आला होता.

आणि सगळ्यांवर कडी करणारे क्रियापद — 'फ्वी'. 'मी होते' याला 'फ्वी', आणि 'मी गेले' यालाही 'फ्वी'. असणे आणि जाणे या दोन क्रियांचा भूतकाळ त्या भाषेत एकच आहे. मूळ रूप लॅटिनमधल्या 'असणे'चे. ते 'जाणे'ने उसने घेतले आणि परत केलेच नाही. कोणते ते पुढच्या शब्दावरून ओळखायचे. मी वर्गात मोठ्या ऐटीने 'काल मी बाजाराला गेले' असे सांगायला उठले आणि 'ला'ची जागा घेणारा बारकासा शब्द विसरले. वाक्य झाले : 'काल मी बाजार होते!' सारा वर्ग हसला. चिनी दुकानदार सर्वांत जास्त हसले. मग त्यांनी आपली वही पुढे केली, तीत त्यांनीही तेच लिहिले होते.

घरी आल्यावर मी मुलीजवळ या भाषेच्या नावाने बोटे मोडली. ती म्हणाली, "आई, आपलं तरी काय गं? जा–गेला, ये–आला, कर–केला, घे–घेतला, दे–दिला, हो–झाला. यात नियम कुठं आहे?" मी गप्प बसले. जन्मभर मराठी शिकवली, पण ती बाहेरून कधी पाहिली नव्हती. इतक्यात नात आली. तिच्या हातून पेला फुटला होता. ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "रोंपिदो," आणि मला म्हणाली, "आजी, मी नाही करलं!" दोन्हीकडे चूक, 'रोतो' हवे आणि 'केलं' हवे. पण पोरीचा न्याय बरोबर होता. नियमाने चालणारी ती एकटीच; वाकडी चालते ती भाषा. असे का, तर जी क्रियापदे माणसे उठल्यासुटल्या वापरतात, त्यांचीच जुनी वेडीवाकडी रूपे तोंडात टिकून राहतात. क्वचित लागणारी क्रियापदे हळूहळू नियमाला शरण जातात. रोजच्या पातेल्यालाच पोचे असतात. कपाटातल्या भांड्याला कुठून येणार? आणि त्या लोकांनाही हे पोचे छळतातच. 'मी चालले' याचे बरोबर रूप 'आंदूबे', पण कोपऱ्यावरचा भाजीवाला माझ्यादेखत 'आंदे' म्हणाला, आणि विहीणबाईंनी तिथल्या तिथे बोट वर केले!

आता शेवटचा धडा. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन. एकदाच घडून संपले ते एका भूतकाळात, आणि नेहमी घडत असे ते दुसऱ्यात. वर्गातल्या सगळ्यांना हा भेद जड गेला. मला मात्र तो क्षणात समजला, कारण आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. 'तो रोज जाई' आणि 'तो गेला'. जाई तो 'ईबा', गेला तो 'फ्वे'. या दुसऱ्या भूतकाळात अनियमित क्रियापदे तीनच : असणे, जाणे आणि पाहणे. मी खूश होऊन वहीत उदाहरण लिहू लागले. पहिले जे वाक्य सुचले ते लिहिले : 'माझा नवरा रोज सकाळी टेकडीवर जाई.' लिहिले आणि पेन थांबले.

कारण गेले दोन महिने मी विहीणबाईंना हेच वाक्य वर्तमानकाळात सांगत आले होते. माझा नवरा रोज पर्वतीवर जातो. माझा नवरा कमी खातो. माझ्या नवऱ्याला पाचला चहा लागतो. दुसरा काळ येतच नव्हता, तर काय करणार? भाषेच्या अडचणीने 'ते' माझ्या बोलण्यात दोन महिने हिंडते-फिरते राहिले होते. आणि खरे सांगायचे तर मला ती अडचण बरी वाटू लागली होती.

त्या दुपारी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात मसूर शिजत होता. मी खुर्चीवर बसले आणि वहीत न पाहता म्हटले, "ईबा तोदोस लोस दीआस. उन दीआ फ्वे, ई नो बीनो." रोज जात. एक दिवस गेले आणि आले नाहीत.

त्यांनी गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसल्या. हळूच विचारले, "तुला माहीत होतं?" त्यांनी 'साबीआस' म्हटले. मी म्हटले, "नो साबीआ." माहीत नव्हते. त्यांना छातीचे दुखणे आहे हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. "सूपे" म्हणजे कळले, ते नऊ वाजता, शेजारच्या मुलाने पायऱ्यांवरून धावत येऊन सांगितले तेव्हा. माहीत असणे आणि कळणे. एकाच क्रियापदाचे दोन भूतकाळ. हा भेद पुस्तकात दोन ओळींत दिला आहे.

विहीणबाई म्हणाल्या, "से नोस फ्वे." याचे शब्दशः भाषांतर होत नाही. 'ते गेले' यात त्यांनी मध्ये एक 'नोस' घातला, म्हणजे 'आपल्यातून'. माझ्या माणसाला त्यांनी आयुष्यात एकदाच, लग्नाच्या वेळी पाहिले होते. तरी त्या 'तुमच्यातून' म्हणाल्या नाहीत.

मग मला आठवले. मसुराचे लिंग चुकले तर बोट वर करणाऱ्या या बाई. पण 'माझा नवरा टेकडीवर जातो' या वाक्याला त्यांचे बोट एकदाही वर झाले नव्हते. मी विचारले, "ही चूक का नाही सुधारलीत?" त्या पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत म्हणाल्या, "म्हटलं, तो धडा आला की तूच सुधारशील." आणि मसूर ढवळायला उठल्या. त्यांच्या ह्यांना जाऊन बारा वर्षे झाली आहेत. हा धडा त्यांनाही कधीतरी शिकावा लागला असणार.

जूनमध्ये नव्वद दिवस भरले. निघताना त्या दारापर्यंत आल्या. आपण बायका घराबाहेर पडताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. सुरुवातीला मी तसेच भाषांतर करून 'येते' म्हणत असे, तेव्हा त्या म्हणत, "येतेस कुठं? जाते आहेस!" त्या दिवशी मात्र मला बरोबर रूप येत होते. मी म्हटले, "बेंद्रे." येईन.

त्या म्हणाल्या, "आकी एस्तारे." मी इथे असेन.

विमानात बसल्यावर मी सवयीने ते क्रियापद चालवून पाहिले. 'एस्तार', असणे. भूतकाळ 'एस्तूबे', चांगला वेडावाकडा. भविष्यकाळ मात्र अगदी सरळ, बारांच्या यादीत त्याचे नाव नाही.

आता दर रविवारी संध्याकाळी आमचा फोन होतो. त्या विचारतात, आठवड्यात काय काय केलेस. मी सांगते आणि त्या दुरुस्त करतात. बोट दिसत नाही, पण वर झालेले कळते. ज्यांची मुलेबाळे परमुलखात आहेत अशा माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगते : तिथल्या माणसांची भाषा शिका, आणि वर्तमानकाळावर थांबू नका. पुढचा व्हिसा मिळाला की मार्चमध्ये मला जायचे आहे. फराळाचा डबा मात्र या आठवड्यात पुढे जातो आहे. चिठ्ठीत मी लिहिले आहे : 'चकल्या मी केल्या.' ईथे. खरोखरीच, इथे.